कापूस खामगावचा, गिरण्या मँचेस्टरच्या: असे का झाले?

1870 मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड मेयो खामगावात आले. निमित्त होते जलंब-खामगाव रेल्वे फाट्याच्या उद्घाटनाचे. हा फाटा जेमतेम 13 किलोमीटरचा. तरीही व्हाइसरॉय आले, कारण खामगाव ही तेव्हा वऱ्हाडातील कापसाची मोठी बाजारपेठ होती.

कापूस होता, बाजार होता, रेल्वेही आली. मग गिरण्यांचे शहर खामगाव का झाले नाही? आणि जिथे कापसाचे एक बोंडही पिकत नाही, ते मँचेस्टर का झाले? औद्योगिकीकरण काही भागांत आधी आणि काही भागांत उशिरा का झाले, या जगभर चर्चेत असलेल्या प्रश्नाचे बरेचसे उत्तर आजच्या बुलढाणा जिल्ह्यात सापडते.

कच्चा माल असला की कारखाना येतो का?

नाही. मँचेस्टरच्या गिरण्या अमेरिकेतून आलेल्या कापसावर चालत. जपानकडेही पुरेसा कापूस नव्हता. तरी 1883 मध्ये ओसाकात मोठी सूतगिरणी सुरू झाली आणि पुढे जपान भारतीय कापसाचा मोठा ग्राहक बनला. कापूस जहाजाने आणता येतो. स्वस्त इंधन, भांडवल, कसबी कारागीर आणि पाठीशी उभे राहणारे सरकार मात्र आयात करणे अवघड असते.

मग इंग्लंडच आधी का?

याबाबत इतिहासकारांत एकमत नाही. मात्र तीन कारणे वारंवार पुढे येतात.

पहिले, मजुरी आणि कोळसा. अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये मजुरी महाग होती आणि कोळसा स्वस्त. त्यामुळे माणसाचे काम यंत्राकडे देणे परवडत होते. जेम्स वॉटला वाफेच्या इंजिनातील सुधारणेचे पेटंट 1769 मध्ये मिळाले. अशी इंजिने आधी खाणींतील पाणी उपसत होती, पुढे ती गिरण्याही चालवू लागली. भारतात सूत कातणाऱ्या बाईची मजुरी इतकी कमी होती की महागडे यंत्र घेण्याचे कुणाला कारणच नव्हते.

दुसरे, वसाहती. चीनमधील यांगत्से नदीचा खालचा प्रदेश अठराव्या शतकात शेती, विणकाम आणि व्यापारात युरोपच्या मागे नव्हता, असे काही अभ्यासक मांडतात. पण त्याच्याजवळ कोळसा नव्हता आणि अमेरिकेसारखी जमीनही हाताशी नव्हती. इंग्लंडला दोन्ही मिळाले. अमेरिकेतील तो कापूस गुलामांच्या श्रमावर पिकत होता, हेही विसरता येत नाही.

तिसरे, सरकार. भारतीय सुती कापडाने इंग्लंडची बाजारपेठ काबीज केली, तेव्हा तिथल्या संसदेने 1721 मध्ये कायदा करून बहुतेक सुती कापडाच्या विक्रीवर आणि वापरावर बंदी घातली. खुल्या व्यापाराची भाषा इंग्लंडने केली ती नंतर, स्वतःच्या गिरण्या भक्कम झाल्यावर.

वऱ्हाडात नेमके काय घडले?

1853 मध्ये निजामाने वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे सोपवला. 1861 ते 1865 या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिथला कापूस थांबला आणि लँकेशायरची नजर वऱ्हाडकडे वळली. 1867 पर्यंत मलकापूर, शेगाव मार्गे रेल्वे नागपूरला पोहोचली. तीन वर्षांनी खामगावचा फाटा सुरू झाला.

जाताना रेल्वे कापसाच्या गाठी नेत होती, येताना विलायती सूत आणि कापड आणत होती. स्थानिक कातणाऱ्यांचे काम बसले. खामगाव परिसरात उद्योग आला तो मुख्यतः सरकी वेगळी करणाऱ्या जिनचा आणि गाठी बांधणाऱ्या प्रेसचा. माल बाहेर पाठवण्यासाठी जेवढे लागते, तेवढेच इथे झाले. कातणे, विणणे, रंगवणे ही जास्त मोल देणारी कामे दूर गेली.

मुंबई आणि नागपूर पुढे कसे गेले?

मुंबईतही कापूस पिकत नव्हता. पण कापूस आणि अफूच्या व्यापारातून साठलेला पैसा होता, बंदर होते आणि समुद्रमार्गे कोळसा व यंत्रे आणण्याची सोय होती. कावसजी दावर यांनी 1854 मध्ये कापड गिरणीची कंपनी स्थापन केली. जमशेटजी टाटा यांची एम्प्रेस मिल 1877 मध्ये नागपुरात सुरू झाली. जवळ कापूस, वरोऱ्याचा कोळसा आणि रेल्वे हे तिथे एकत्र आले, शिवाय मुंबईचे भांडवलही पोहोचले.

तरीही सरकार आपले नव्हते. 1896 मध्ये भारतीय गिरण्यांच्या कापडावर साडेतीन टक्के अबकारी कर लागला, जेणेकरून लँकेशायरच्या मालाला स्पर्धा सोपी जावी. हा कर सुमारे तीन दशके टिकला.

आज याचा अर्थ काय?

मागे राहिलेला भाग आळशी होता किंवा तिथल्या माणसांत धमक नव्हती, हे म्हणणे इतिहासात टिकत नाही. वऱ्हाडच्या शेतकऱ्याने बाजाराची हाक ऐकून काही वर्षांत कापसाचा पेरा वाढवला. कमी पडले ते स्थानिक भांडवल, जवळची ऊर्जा आणि या भागाच्या हिताचे धोरण.

आता समृद्धी महामार्ग मेहकर, सिंदखेडराजा परिसरातून गेला आहे. रस्ता आला की विकास आपोआप येतो, असे मानणाऱ्यांनी 1870 चा खामगाव आठवावा. वाहतुकीची सोय माल नेण्यासाठी असते, तशी आणण्यासाठीही. महामार्गालगत केवळ गोदामे उभी राहिली, तर कापूस आणि सोयाबीन अधिक वेगाने बाहेर जाईल, एवढेच.

म्हणून लोकप्रतिनिधींना विचारायचा प्रश्न ‘रस्ता कधी?’ एवढ्यावर थांबू नये. खात्रीची आणि परवडणारी वीज, शेतकरी कंपन्यांना वेळेवर कर्ज, आयटीआयमध्ये प्रक्रिया उद्योगाला लागणारे प्रशिक्षण, आणि जिनच्या पुढची कामे जिल्ह्यातच होतील असे धोरण, यांचा हिशेब मागायला हवा. रुईची गाठ जिल्ह्याबाहेर जाते, तेव्हा तिच्यासोबत पुढच्या प्रत्येक टप्प्याचा रोजगारही जातो. दीडशे वर्षांपूर्वी हा निर्णय दुसऱ्यांनी घेतला होता. आज तो आपल्या मतावर निवडून आलेल्यांच्या हातात आहे.