जनुक : आधी नाव, मग अर्थ

१/ जनुक म्हणजे प्रथिन घडवणारा डीएनएचा तुकडा. ही व्याख्या इतकी सरावाची झाली आहे की ती पहिल्यापासून हीच असावी, असे वाटते. इतिहास मात्र वेगळे सांगतो.

२/ मेंडेल यांनी १८६६ च्या निबंधात वाटाण्याच्या गुणांमागे काही ‘घटक’ मानले होते. ‘जीन’ हा शब्द १९०९ मध्ये डेन्मार्कच्या विल्हेल्म योहान्सन यांनी घडवला. तो कोणत्याही गृहीतकाला बांधलेला नसावा, हा त्यांचा आग्रह होता. वस्तू हाती येण्याआधीच नाव ठरले.

३/ कोलंबिया विद्यापीठात मॉर्गन आणि त्यांच्या शिष्यांनी फळमाश्यांवर प्रयोग करून त्या नावाला ठिकाण दिले. स्टर्टेव्हंट यांनी १९१३ मध्ये गुणसूत्रावरील जनुकांचा पहिला नकाशा प्रसिद्ध केला. तरीही १९३४ च्या नोबेल व्याख्यानात मॉर्गन यांनी मान्य केले की, जनुक वास्तव की कल्पित, यावर तज्ज्ञांत एकमत नाही.

४/ १९४१ मध्ये बीडल आणि टेटम यांनी बुरशीवरील प्रयोगांतून जनुकाचा संबंध एन्झाइमशी जोडला. १९४४ मध्ये एव्हरी आणि सहकाऱ्यांनी डीएनएकडे बोट दाखवले. पुढच्या दशकात बेंझर यांनी जनुक आतूनही तुटू शकते, हे दाखवले. मण्यासारख्या अखंड जनुकाची कल्पना तिथे संपली.

५/ १९७७ मध्ये रॉबर्ट्स आणि शार्प यांच्या गटांना जनुके सलग नसल्याचे आढळले. त्यांच्या आरएनए प्रतीतील मधले भाग गळून उरलेले सांधले जातात. सांधा बदलला की एकाच जनुकातून वेगळे प्रथिन निघते. काही जनुकांतून तर प्रथिन बनतच नाही. आरएनए हेच त्यांचे फलित.

६/ या बदलत्या व्याख्यांना शास्त्राचा गोंधळ म्हणणे अन्यायाचे आहे. आनुवंशिकतेचा पदार्थ प्रथिनच असावा, असे एके काळी बहुतेकांना वाटे. योहान्सन यांचा शब्द त्या समजुतीला बांधलेला असता, तर तिच्याबरोबरच बुडाला असता.

७/ घात झाला तो अर्धवट ज्ञानाला अंतिम मानणाऱ्यांमुळे. ‘सदोष’ वंश रोखण्याच्या नावाखाली अमेरिकेत सक्तीची नसबंदी झाली आणि १९२७ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ती वैध ठरवली. जनुक कशाचे बनलेले असते, हेही तेव्हा कोणाला ठाऊक नव्हते!

८/ म्हणून ‘बुद्धीचे जनुक’ किंवा ‘शौर्याचे जनुक’ असा दावा कानी आला, की इतिहासाच्या अभ्यासकाने प्रथम विचारावे : इथे जनुक म्हणजे नेमके काय?