रेणूचे चित्र : शोभा की पुरावा?

आयुर्वेदीय संशोधन-लेखांतून वनस्पतीच्या वर्णनासोबत तिच्यातील घटकद्रव्याची रेणुरचना छापण्याची प्रथा आता चांगलीच रुजली आहे. प्रथा स्वागतार्ह आहे. परंतु ही चित्रे ज्या रीतीने सिद्ध केली जातात ती पाहता, आपण त्यांना लेखाची शोभा मानतो, पुरावा नव्हे, असे खेदाने म्हणावे लागते.

सोमलता या नावाने परिचित असलेल्या एफेड्राचेच उदाहरण घ्यावे. एफेड्रिन व स्यूडोएफेड्रिन यांचे रेणुसूत्र एकच. हायड्रॉक्सिल गट धारण करणाऱ्या एका कार्बन अणूभोवतीची अवकाशीय मांडणी तेवढी भिन्न. आणि कागदावर हा भेद भरीव पाचर व रेघांची पाचर या दोन खुणांनीच दाखविला जातो. संकेतस्थळावरून उचललेले लहानसे चित्र ताणून मोठे केले की रेघांच्या पाचरीचा करडा डाग होतो. मग वाचकाने कोणते द्रव्य समजावे? द्रव्याची ओळख पटल्यावाचून ज्या शास्त्रात चिकित्सा पुढे सरकत नाही, त्याच्या अभ्यासकांस ही हेळसांड शोभत नाही.

उपाय अवघड नाही. रचना उसनी न घेता केमस्केचसारख्या संगणक-प्रणालीत स्वतः रेखाटावी आणि ईपीएस अथवा पीडीएफ या व्हेक्टर स्वरूपात जतन करावी. असे चित्र कितीही मोठे केले तरी रेषा फाटत नाही. बिंदुरूप चित्रच देणे भाग असेल, तर सर्वसाधारणपणे रंगीत चित्रास ३०० व रेखाचित्रास ६०० ते १२०० डीपीआय अपेक्षित असतात. साडेआठ सेंटिमीटर रुंदीच्या स्तंभास ६०० डीपीआय म्हणजे सुमारे २००० बिंदूंची रुंदी. मुळात बिंदू ५०० असताना फाइलीतील डीपीआयचा आकडा तेवढा वाढविणे म्हणजे तयार काढ्यात पाणी ओतून मात्रा वाढविणे होय! जेपीईजीत अक्षरांभोवती धूसर किनार येते. त्यापेक्षा टिफ बरे.

याहून गंभीर बाब ‘डॉकिंग’च्या चित्रांची आहे. पायमॉलमधून २४०० बिंदूंचे झळझळीत चित्र काही क्षणांत निघते आणि औषधाचे कार्य जणू डोळ्यांना दिसले असे वाटू लागते. येथे रिझोल्यूशन या शब्दाचे दोन अर्थ एकमेकांत मिसळतात. प्रोटीन डेटा बँकेतील ‘१सीएक्स२’ ही कॉक्स-२ एन्झाइमची रचना १९९६ सालची, उंदराच्या एन्झाइमची व ३ अँगस्ट्रॉम रिझोल्यूशनची आहे. ती कितीही बारीक बिंदूंत छापली तरी अणूंची स्थाने त्यामुळे अधिक निश्चित होत नाहीत. तीत हळदीतील कर्क्युमिन बसविताना त्याचे डायकीटो रूप घेतले की ईनॉल, हेही चित्राखाली क्वचितच लिहिलेले आढळते; वास्तविक स्फटिकावस्थेत कर्क्युमिन ईनॉल रूपात असते.

आपल्या त्रैमासिकाच्या संपादक मंडळाने यापुढे प्रत्येक रेणुचित्राची मूळ फाइल मागवावी, आणि डॉकिंगच्या चित्राखाली रचनेचा क्रमांक, प्राण्याची जात व अँगस्ट्रॉममधील रिझोल्यूशन नसल्यास लेख परत पाठवावा, अशी माझी सूचना आहे.