करार चपलेचा, मालकी कोणाची?

जून २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडा या इटालियन फॅशन कंपनीच्या मॉडेल्सच्या पायांत कोल्हापुरी घाटाची चप्पल दिसली; कोल्हापूरचे नाव मात्र कुठेच नव्हते. ओरड झाल्यावर कंपनीने भारतीय प्रेरणा मान्य केली आणि डिसेंबरात महाराष्ट्राचे लिडकॉम व कर्नाटकाचे लिडकर या सरकारी चर्मोद्योग महामंडळांशी चपला बनवण्याच्या संयुक्त उपक्रमाचा करार केला.

‘कोल्हापुरी’ या नावाला संरक्षण देणारे भौगोलिक मानांकन (जीआय) २०१९ पासून या दोन महामंडळांच्याच नावावर आहे.

भौगोलिक मानांकनांचा १९९९ चा कायदा हे मानांकन विकू, गहाण टाकू किंवा परवान्यावर देऊ देत नाही. म्हणजे नावाची काळजी नाही. पण संयुक्त उपक्रमात घडलेले नवे नमुने कोणाचे, करार संपल्यावर ते कोण वापरणार? याविषयीची करारातील कलमे लोकांसमोर मांडायला हवीत. नमुन्यांच्या मालकीत कारागिरालाही वाटा हवा. नुसत्या मजुरीवर त्याची बोळवण होता कामा नये.