संगणकाची कीड आणि कारकुनाचा दोष

पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा जगाशी संबंध तुटतो. १९८२ साली चंद्रपुरापासून वेगळ्या झालेल्या गडचिरोली जिल्ह्याच्या अशा दुर्गम टापूत संगणकातील माहितीही माणसाच्या खिशातूनच प्रवास करते. गुणपत्रके, शिष्यवृत्तीचे अर्ज, वनहक्क दाव्यांचे तक्ते पेन-ड्राइव्हवर घेऊन कोणी शिक्षक वा कारकून एसटीत बसतो. संगणकातील कृमी, म्हणजे स्वतःच्या प्रती स्वतःच काढणारी ती उपद्रवी आज्ञावली, त्याच एसटीने जाते.

इंटरनेटला न जोडलेला संगणक सुरक्षित, हा समज अद्यापि दृढ आहे. २०१० साली उघडकीस आलेल्या स्टक्सनेटने तो खोटा ठरविला. जाळ्यापासून अलग ठेवलेल्या यंत्रांत पेन-ड्राइव्हवाटे शिरावे, अशीच त्याची रचना होती. लक्ष्य होते इराणमधील नतांझचा अणुप्रकल्प. परंतु सायमँटेकच्या गणनेत इराण व इंडोनेशियाच्या खालोखाल बाधा झाली ती भारताला!

वस्तुतः जाळ्याबाहेरचा संगणकच अधिक असहाय असतो. पेन-ड्राइव्ह लावताच त्यातील आज्ञा आपोआप चालविण्याची विंडोजची जुनी सोय कृमींच्या पथ्यावर पडली. २००८ च्या अखेरीस पसरू लागलेल्या कॉन्फिकरनेही तिचा लाभ उठविला. फेब्रुवारी २०११ मध्ये मायक्रोसॉफ्टने जुन्या संगणकांतील ही सोय बंद करणारी सुधारणा पाठविली. पण ती आली इंटरनेटवरून. ज्यांना तिची निकड होती, त्यांच्याच दारी ती पोहोचणे दुरापास्त.

यांतील एक जात विशेष कपटी आहे. ती पेन-ड्राइव्हवरील फोल्डर लपविते आणि त्याच नावाचा शॉर्टकट त्या जागी ठेवते. त्यावर टिचकी मारताच फोल्डर उघडते, कृमीही कामाला लागतो. पुढे कोणी कृमी पुसतो, शॉर्टकट जातात, ड्राइव्ह रिकामा दिसतो. माहिती गेली असे मानून तो फॉरमॅट केला जातो, आणि खरी हानी तेव्हा होते. माहिती तेथेच असते. लपलेल्या फाइली दाखविण्याची सूचना दिली की बहुधा ती दिसू लागते. एवढे ज्ञान न दिलेल्या कारकुनाकडून खुलासा मागविणे हा न्याय नव्हे.

पेन-ड्राइव्हवर सरसकट बंदी घालावी, असा सोपा उपाय सुचविला जातो. चंद्रपूरच्या औष्णिक वीज केंद्रासारख्या ठिकाणी नियंत्रण-यंत्रणेपुरती ती कडक असावीच. एटापल्लीत मात्र तिचा अर्थ काम थांबविणे इतकाच होईल. तेथे प्रत्येक तहसिलीत केवळ तपासणीसाठी राखलेला एक संगणक हवा, आणि दरमहा ताज्या सुधारणा घेऊन येणारा जबाबदार तंत्रज्ञ हवा. ऑक्टोबर २०२५ मध्ये विंडोज १० ची सर्वसाधारण देखभालही संपली. त्यावर चालणारे संगणक या दोन जिल्ह्यांतील शाळा-कचेऱ्यांत किती उरले आहेत, याची मोजदाद जिल्हा प्रशासनाने पुढच्या पावसाळ्यापूर्वी करावी.