सहाव्या क्रमांकाला दार बंद

लिथुआनियाचा पुरुष बास्केटबॉल संघ 2023च्या विश्वचषकात सहावा आला. त्याच स्पर्धेत, 3 सप्टेंबरला मनिलामध्ये, त्याने अमेरिकेला 110-104 असे हरवले. तरीही पुढच्या वर्षी पॅरिस ऑलिंपिकच्या बारा संघांत तो नव्हता. अमेरिका होती, विश्वचषकात सतरावा आलेला दक्षिण सुदान होता, एकोणिसावा आलेला जपानही होता. असे का झाले याचे उत्तर पात्रतेच्या नियमांत सापडते. त्याने या खेळाचे किती नुकसान झाले, हे मात्र या संघाचा इतिहास पाहिल्याशिवाय लक्षात येत नाही.

बाल्टिक समुद्राकाठचा हा देश क्षेत्रफळाने आपल्या मराठवाड्याएवढा आणि लोकसंख्येने पुणे शहराहूनही लहान आहे. माणसे जेमतेम 28-29 लाख. पहिल्या महायुद्धानंतर तो स्वतंत्र झाला, पण राजधानी विल्निउस पोलंडच्या ताब्यात गेली आणि काउनास ही तात्पुरती राजधानी झाली. बास्केटबॉलने मूळ धरले ते याच काउनासमध्ये, आणि त्याला पाणी घातले अमेरिकेत स्थायिक झालेल्या लिथुआनियन कुटुंबांच्या मुलांनी. 1936च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक जिंकणाऱ्या अमेरिकी संघातला फ्रँक ल्युबिन हा त्यांच्यापैकीच एक. आईवडिलांच्या देशात तो प्रानास लुबिनास झाला. 1937मध्ये रिगा येथे झालेल्या युरोपीय स्पर्धेत खेळाडू-प्रशिक्षक फेलिक्सास क्रियाउचुनास याच्या जोरावर लिथुआनिया विजेता ठरला. तोवर युरोपच्या बास्केटबॉलमध्ये या देशाचे नावही कोणी फारसे घेत नव्हते.

विजेत्याने पुढची स्पर्धा भरवायची, असा तेव्हाचा शिरस्ता होता. काउनासमध्ये तेवढे मोठे सभागृहच नव्हते. सरकारने ते बांधायला घेतले आणि अभियंता अनातोलियुस रोझेनब्ल्युमास यांच्या आराखड्यानुसार 1939च्या स्पर्धेआधी ते उभेही राहिले. केवळ बास्केटबॉलसाठी बांधलेले युरोपातील ते पहिले क्रीडागृह. तिथे लिथुआनियाची पहिलीच गाठ पडली शेजारच्या लात्वियाशी. शेवटच्या क्षणांत लुबिनासने चेंडू जाळीत टाकला आणि यजमानांनी सामना 37-36 असा एका गुणाने जिंकला. पुढचे सगळे सामने जिंकून त्यांनी विजेतेपद राखले. परदेशात जन्मलेल्या खेळाडूंवर आक्षेप घेतले गेले आणि त्यांत काहीच तथ्य नव्हते असे म्हणता येणार नाही. पण अमेरिकेतून आलेल्या या खेळाडूंनी दोन चषकांवर समाधान मानले नाही. चेंडू कसा पास करायचा, बचाव कसा रचायचा, सराव कसा घ्यायचा हे त्यांनी स्थानिक मुलांना शिकवले, आणि ती शिकवण ते गेल्यावरही टिकली.

ती पणाला लागायला फार दिवस लागले नाहीत. 1940मध्ये सोव्हिएत फौजा आल्या, 1941मध्ये जर्मन आणि 1944मध्ये पुन्हा सोव्हिएत. देश नकाशावरून गेला आणि त्याचा राष्ट्रीय संघही गेला. पुढची जवळपास पन्नास वर्षे लिथुआनियाचे उत्तम खेळाडू सोव्हिएत संघराज्याच्या गणवेशात खेळले. 1972च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये अमेरिकेला नमवणाऱ्या सोव्हिएत संघाचा कर्णधार मोदेस्तास पाउलाउस्कास लिथुआनियन होता. 1988मध्ये सोल येथे सोव्हिएत संघाने पुन्हा अमेरिकेला उपांत्य फेरीत आणि युगोस्लाव्हियाला अंतिम सामन्यात हरवून सुवर्णपदक घेतले, तेव्हा त्या संघाचा कणा असलेले चौघे, अर्विदास साबोनिस, शारुनास मार्च्युलिओनिस, रिमास कुर्तिनाइतिस आणि वाल्देमारास खोमिच्युस, लिथुआनियाचेच होते. पदकतालिकेत मात्र नोंद झाली ती मॉस्कोची.

राष्ट्रीय संघाची उणीव या काळात एका क्लबाने भरून काढली. 1944मध्ये स्थापन झालेल्या काउनासच्या झालगिरिस क्लबाचे नाव 1410च्या त्या लढाईवरून आलेले आहे, जिच्यात पोलंड आणि लिथुआनियाच्या फौजांनी ट्युटॉनिक सरदारांचा पाडाव केला. ती लढाई जर्मनांविरुद्धची, त्यामुळे सोव्हिएत अधिकाऱ्यांना नावात गैर काही दिसले नाही. लोकांना मात्र त्यातून आपले जुने राज्य आठवत राहिले. 1985, 1986 आणि 1987 अशी लागोपाठ तीन वर्षे झालगिरिसने सोव्हिएत विजेतेपद जिंकले, तेही सैन्यदलाचा क्लब असलेल्या मॉस्कोच्या सीएसकेएला मागे टाकून. त्या सामन्यांत काउनासच्या प्रेक्षकांना जो आवाज काढता येत होता, तो रस्त्यावर काढण्याची मुभा नव्हती. साबोनिस तेव्हा विशीत होता. उंची 2 मीटर 21 सेंटिमीटर, आणि पासची नजर अशी की भल्याभल्या गार्डना हेवा वाटावा. 1986मध्ये पोर्टलंडने अमेरिकेच्या व्यावसायिक लीगच्या, म्हणजे एनबीएच्या, निवडप्रक्रियेत त्याला घेतले, पण सोव्हिएत व्यवस्थेने तेव्हा त्याला अमेरिकेत जाऊ दिले नाही. प्रत्यक्षात तो तिथे खेळायला उतरला 1995मध्ये, तिशी उलटल्यावर आणि दुखापतींनी पाय जेरीस आल्यावर. या खेळाच्या इतिहासात इतकी मोठी गुणवत्ता तिच्या ऐन भरात जगापासून इतका काळ दूर ठेवली गेल्याची उदाहरणे फार थोडी आहेत.

11 मार्च 1990 रोजी लिथुआनियाने स्वातंत्र्य जाहीर केले. जानेवारी 1991मध्ये विल्निउसच्या दूरचित्रवाणी मनोऱ्याभोवती जमलेल्या निःशस्त्र लोकांवर सोव्हिएत रणगाडे चालून आले. सप्टेंबर 1991मध्ये मॉस्कोने अखेर मान्यता दिली, आणि त्यानंतर वर्षही उलटण्याआधी बार्सिलोना ऑलिंपिक होते. नव्या देशाच्या तिजोरीत संघ पाठवण्याइतकाही पैसा नव्हता. गोल्डन स्टेट वॉरियर्सकडून खेळणाऱ्या मार्च्युलिओनिसने मग स्वतःच झोळी पुढे केली. त्याची धडपड सॅन फ्रान्सिस्कोच्या वर्तमानपत्रात छापून आली आणि ग्रेटफुल डेड या रॉक बँडपर्यंत पोहोचली. बँडने पैसे दिले आणि ग्रेग स्पायर्स या चित्रकाराच्या रेखाटनाचे टी-शर्टही पाठवले. पिवळ्या, हिरव्या, लाल रंगांचे ओघळ आणि मध्ये रिंगमध्ये चेंडू कोंबणारा सांगाडा, असे ते चित्र.

बार्सिलोनात उपांत्य फेरीत गाठ पडली मायकेल जॉर्डन, मॅजिक जॉन्सन यांच्या अमेरिकी संघाशी, आणि लिथुआनियाचा 127-76 असा धुव्वा उडाला. त्याचे दुःख करायला सवड नव्हती. कांस्यपदकासाठी समोर उभा होता एकत्रित संघ, म्हणजे पूर्वीच्या सोव्हिएत प्रजासत्ताकांचा. चार वर्षांपूर्वीचे सहकारी आता प्रतिस्पर्धी होते आणि साखळीत त्यांनी लिथुआनियाला एकदा हरवलेही होते. सामना 82-78 असा सुटला. देशाचे प्रमुख वितौतास लांड्सबेर्गिस खेळाडूंच्या खोलीत जाऊन त्यांच्या आनंदात सामील झाले. पदक घ्यायला खेळाडू चढले ते त्याच सांगाड्याच्या टी-शर्टमध्ये. साबोनिससह त्या चौघांपैकी प्रत्येकाच्या घरी सोलचे सुवर्णपदक होते, तरी हे कांस्य आपल्याला अधिक मोलाचे वाटते असे त्यांनी पुढे अनेकदा सांगितले. त्यात अतिशयोक्ती शोधायचे कारण नाही.

त्यानंतर जे घडले ते बार्सिलोनाहून अधिक विचार करण्याजोगे आहे. भावनेच्या लाटेवर एखादे पदक मिळू शकते, पण 1992 ते 2008 अशा पाच ऑलिंपिकमध्ये लिथुआनिया दर वेळी उपांत्य फेरीत पोहोचला. अटलांटा आणि सिडनीत पुन्हा कांस्य, अथेन्स आणि बीजिंगमध्ये चौथे स्थान. सिडनीत अमेरिकेविरुद्धचा उपांत्य सामना 85-83 असा गेला. शारुनास यासिकेविच्युसचा शेवटचा तीन गुणांचा फटका पडला असता, तर एनबीएच्या खेळाडूंनी सजलेल्या अमेरिकेचा ऑलिंपिकमधला पहिला पराभव तिथेच नोंदला गेला असता. चार वर्षांनी अथेन्समध्ये साखळी सामन्यात त्याच यासिकेविच्युसने ती बाकी चुकती केली, 94-90. मध्यंतरी 2003मध्ये स्टॉकहोमला स्पेनला हरवून युरोपचे विजेतेपद आले. 1939नंतरचे ते पहिले. 2010च्या विश्वचषकात कांस्य, 2013 आणि 2015च्या युरोपीय स्पर्धांत रौप्य.

यामागे व्यवस्था आहे. मार्च्युलिओनिसने 1993मध्ये देशाची व्यावसायिक लीग उभारली आणि विल्निउसमध्ये मुलांसाठी अकादमी काढली. साबोनिसच्या नावाची शाळा काउनासमध्ये आहे आणि 2011पासून दहा वर्षे तो राष्ट्रीय महासंघाचा अध्यक्ष होता. गावोगावच्या क्रीडाशाळा नगरपालिका चालवतात आणि शालेय मुलांची स्वतंत्र लीग आहे. दहा वर्षांच्या मुलाला तिथे आधी पास आणि पायांची हालचाल शिकवतात. उंच मुलालाही रिंगखाली नुसते उभे करत नाहीत, चेंडू हाताळायला लावतात. लिथुआनियाचे सेंटर पिढ्यानपिढ्या उत्तम पास देतात, ते यामुळे. अर्विदासचा मुलगा दोमान्तास आज एनबीएत याच कौशल्यासाठी ओळखला जातो. झालगिरिसने 1999मध्ये युरोपातील क्लबांची युरोलीग जिंकली आणि 2011पासून काउनासमध्ये पंधरा हजारांवर प्रेक्षकांचे नवे क्रीडागृह आहे.

तरी गेल्या दहा-बारा वर्षांची उतरण नाकारण्यात अर्थ नाही, आणि तिचा सगळा दोष नियमांवर ढकलणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. 2016मध्ये रिओत उपांत्यपूर्व फेरीत ऑस्ट्रेलियाने 90-64 असे लोळवले. 2021मध्ये टोकियोची पात्रता स्पर्धा खुद्द काउनासमध्ये होती. तिथे अंतिम सामन्यात लुका डॉन्चिचच्या स्लोव्हेनियाने 96-85 असे हरवले. स्लोव्हेनियाची लोकसंख्या तर लिथुआनियाहूनही कमी. यासिकेविच्युसनंतर सामन्याची सूत्रे हाती घेणारा त्या तोडीचा गार्ड मिळालेला नाही. 2025च्या युरोपीय स्पर्धेत आशा असलेला रोकास योकुबाइतिस जायबंदी झाला आणि ग्रीसविरुद्ध उपांत्यपूर्व फेरीत वाट संपली. देशाची लोकसंख्या स्वातंत्र्याच्या वेळी 37 लाख होती. स्थलांतराने आणि घटत्या जन्मदराने ती लाखांनी उतरली आहे, म्हणजे कोर्टावर येणारी मुलेच कमी झाली. कास्पारास याकुचोनिससारखे गुणी तरुण आता अमेरिकी विद्यापीठांच्या संघांत जातात. त्यात त्यांचे भले आहे, पण मायदेशीच्या लीगमध्ये तेवढी जागा रिकामी पडते. शिवाय 2017पासून आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाने, म्हणजे फिबाने, पात्रता सामने ऐन क्लब-मोसमात ठेवायला सुरुवात केली. एनबीए आणि युरोलीग त्यासाठी खेळाडूंना सोडत नाहीत. मोठ्या देशाला दुसरी फळी असते, लिथुआनियाला हे ओझे जड जाते.

असा संघ 2023मध्ये दोमान्तासशिवाय मनिलाला गेला आणि अमेरिकेविरुद्ध तीन गुणांचे पहिले नऊच्या नऊ फटके जाळीत घालून मध्यंतराला 54-37 असा पुढे होता. उपांत्यपूर्व फेरीत सर्बियाने रोखले. पॅरिसची थेट तिकिटे मात्र, यजमान सोडता, खंडांनुसार होती. युरोपला दोन, अमेरिका खंडांना दोन, आफ्रिका, आशिया आणि ओशेनियाला प्रत्येकी एक. युरोपची दोन तिकिटे विजेत्या जर्मनीने आणि उपविजेत्या सर्बियाने घेतली. उरलेल्या चार जागांसाठी चोवीस संघांच्या चार पात्रता स्पर्धा झाल्या आणि प्रत्येकीतून एकच संघ पुढे जायचा होता. लिथुआनिया सान हुआनला गेला आणि अंतिम सामन्यात यजमान पोर्तो रिकोकडून 79-68 असा हरला. पाचवा आलेला लात्विया, सातवा आलेला स्लोव्हेनिया आणि आठवा आलेला इटली यांचीही तीच गत झाली. विश्वचषकात पाचव्या ते आठव्या क्रमांकाचे चारही संघ ऑलिंपिकबाहेर राहिले. लिथुआनियाने पॅरिसहून पदक आणले ते तिघांच्या बास्केटबॉलमध्ये, लात्वियाला हरवून मिळवलेले कांस्य.

यावर खंडांचे वाटप मोडा, असा सूर युरोपात निघतो. तो चुकीचा आहे. 2011मध्ये जन्मलेल्या दक्षिण सुदानचा संघ पॅरिसला पोहोचला आणि त्याने पोर्तो रिकोला हरवले. बार्सिलोनातल्या लिथुआनियाला जे मिळाले, तेच या देशाला पॅरिसमध्ये मिळाले. भारताचा पुरुष संघ आजवर एकदाच, 1980मध्ये मॉस्कोला, ऑलिंपिक खेळला आहे. आशियाची जागा काढून घेतली, तर या भागातल्या खेळाला उरलासुरला आधारही राहणार नाही. चूक वाटपात नाही, बारा या आकड्यात आहे. म्युनिकमध्ये सोळा संघ होते. 1976मध्ये ते बारा झाले आणि त्यानंतर वाढले नाहीत. विश्वचषक मात्र बत्तीस संघांपर्यंत गेला.

आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समिती खेळाडूंच्या एकूण मर्यादेकडे बोट दाखवते. ती अडचण खरी आहे, पण अभेद्य नाही. 2028च्या लॉस एंजेलिससाठी महिला फुटबॉलचे संघ सोळा आणि पुरुषांचे बारा करण्यात आले, तिघांच्या बास्केटबॉलमध्ये आठाचे बारा झाले. पाचांच्या बास्केटबॉलमध्ये चार संघ वाढवणे म्हणजे 48 खेळाडू. लॉस एंजेलिसचे गणित ठरून गेले आहे. ब्रिस्बेन 2032साठी फिबाने सोळा संघांची मागणी आताच ठामपणे मांडावी. खंडांच्या जागा आणि पात्रता स्पर्धा आहेत तशा ठेवाव्यात आणि वाढीव चार जागा, कोणत्याही खंडाचा विचार न करता, विश्वचषकात वरचे स्थान मिळवूनही थेट तिकिटाला मुकलेल्या संघांना द्याव्यात. 2023च्या निकालांना हा नियम लावला असता, तर त्या चार जागा लात्विया, लिथुआनिया, स्लोव्हेनिया आणि इटली यांना मिळाल्या असत्या.