गियर केव्हा बदलावा?

सत्तरी तालुक्यातून एका वाचकभगिनींचे पत्र आले आहे. त्यांचे कुळागर घरापासून दोन कोसांवर, ओढ्यापलीकडच्या डोंगरउतारावर आहे. नारळ-सुपारी उतरवून आणण्यासाठी घरी एक जुनी जीपगाडी असून ती त्यांचे चिरंजीव चालवितात. डांबरी रस्त्यावर चिरंजीवांचा हात चांगला बसलेला आहे. मात्र पावसाळा सरता सरता एका सकाळी कुळागराच्या चढणीवर अर्ध्या वाटेत इंजिन गुदमरू लागले, म्हणून त्यांनी दुसरा गियर काढून पहिला टाकू पाहिला. तो काही पडेना. तेवढ्यात गाडी मागे घसरू लागली आणि पंधरा-वीस हात मागे जाऊन एका आंब्याच्या बुंध्याला टेकली. मागच्या बाकावर दोन गडी आणि घरातील आजी बसल्या होत्या. देवदयेने कोणाला खरचटलेही नाही. पण आजींनी त्या दिवसापासून जीपला लांबूनच हात जोडले आहेत. "गाडी जुनी झाली म्हणून असे झाले काय? ती विकून टाकावी काय?" असे भगिनींनी विचारले आहे.

गाडी विकण्याचे कारण दिसत नाही. तिची तपासणी अवश्य करून घ्यावी, परंतु पत्रात वर्णिलेला प्रकार कोऱ्या करकरीत गाडीतही असाच घडला असता. डांबरी रस्त्यावर चालक इंजिनाच्या हाकेला ओ देऊन गियर बदलतो: आवाज जड झाला की खालचा, फार चढला की वरचा. ही सवय इतकी अंगवळणी पडते की त्यात विचाराचा भागच उरत नाही. रानातल्या वाटेवर नेमकी हीच सवय घात करते. तेथे गियर चढणीच्या पायथ्याशी, गाडी सपाटीवर असतानाच ठरवावयाचा असतो, आणि माथा येईपर्यंत तो बदलावयाचा नसतो.

याचे कारण क्लचमध्ये आहे. क्लच दाबला की इंजिन आणि चाके यांचा संबंध तुटतो. सपाट रस्त्यावर ताशी चाळीस किलोमीटरच्या वेगाने जाणारी गाडी त्या एक-दोन सेकंदांत आपल्याच जोरावर पुढे जात राहते, म्हणून आपल्याला काही जाणवत नाही. खड्या, दगडगोट्यांच्या चढणीवर गाडी माणसाच्या चालीने चाललेली असते. तिच्यापाशी असा साठवलेला जोर नसतोच. क्लच दाबताक्षणी ती थांबते, आणि पुढच्या क्षणी तिचे वजन तिला मागे ओढू लागते. त्यात जुन्या विलीज पद्धतीच्या जीपमध्ये आणखी एक अडचण आहे. तिच्या तीन गियरांपैकी दुसऱ्या आणि तिसऱ्याला सिंक्रोमेश, म्हणजे फिरत्या दात्यांचा वेग आपोआप जुळवून घेण्याची सोय, आहे, पहिल्याला नाही. त्यामुळे चालत्या गाडीत दुसऱ्यावरून पहिल्यावर यावयाचे तर दोनदा क्लच दाबून, मध्ये इंजिनाला थोडा वेग देऊन, दाते जुळवावे लागतात. मुरलेले चालक ते लीलया करतात. ज्याची गाडी मागे घसरू लागली आहे आणि ज्याच्या पाठीशी आजी ओरडत आहेत, त्याच्याकडून ही अपेक्षा करणे व्यर्थ होय. चिरंजीवांचा गियर पडला नाही याचे नवल वाटावयास नको.

आता जीपच्या दुसऱ्या दांड्याविषयी, कारण पुष्कळ घरांतून तो वर्षानुवर्षे हलविलाच जात नाही. जीप मूळची दुसऱ्या महायुद्धातली. १९४० च्या दशकाच्या अखेरीस महिंद्र कंपनीने ती मुंबईत जोडावयास आरंभ केला आणि पुढे अनेक दशके तिचे निरनिराळे अवतार आपल्या खेड्यापाड्यांतून धावत राहिले. गियरच्या मुख्य दांड्याशेजारी असलेल्या छोट्या दांड्यांपैकी एक पुढच्या चाकांना जोर देतो आणि दुसरा सर्व गियर एकदम 'खालच्या पट्टी'त आणतो. खालची पट्टी म्हणजे काय ते आकड्यांनी लवकर कळेल. सीजे-३बी या जीपमध्ये वरच्या पट्टीत तिसऱ्या गियरवर चाकाच्या एका फेऱ्यासाठी इंजिनाला साधारण साडेपाच फेरे घ्यावे लागतात. खालच्या पट्टीत पहिल्या गियरवर हेच फेरे सुमारे ३७ होतात. मिनिटाला हजार फेऱ्यांनी फिरणारे इंजिन पहिल्या स्थितीत गाडीला ताशी पंचवीस किलोमीटरच्या आसपास नेईल. दुसऱ्या स्थितीत ताशी साडेतीन किलोमीटर, म्हणजे बाजारातून भाजी घेऊन परतणाऱ्या गृहिणीच्या चालीने. वेग जितका घटला तितकी चाकांवरची ओढ वाढली. इंजिन तेच, पेट्रोल तेच. पण जी चढण गाडीला गुदमरवीत होती ती आता क्लचला पाय न लावता, जवळजवळ ॲक्सिलरेटरवाचूनही चढता येते.

२०१० साली आलेली थार, २०२० साली आलेली तिची नवी आवृत्ती किंवा २०२३ ची जिम्नी, या गाड्यांतही ही खालची पट्टी आहे. नव्या थारला सहा गियर आहेत आणि तिच्या डिझेल इंजिनाचा पूर्ण ओढण्याचा जोर मिनिटाला सुमारे १६०० फेऱ्यांपासूनच मिळतो, त्यामुळे ती पुष्कळ चुका पोटात घालते. म्हणून तरुण मंडळी दांड्याकडे दुर्लक्ष करतात. अर्ध्या दाबलेल्या क्लचवर गाडी रेटून चढवितात आणि वर पोहोचल्यावर जळका वास कसला म्हणून एकमेकांना विचारतात. तो वास क्लचच्या पट्ट्यांचा असतो, आणि त्याचे बिल पुढच्या महिन्यात येते.

खालची पट्टी टाकताना गाडी पूर्ण थांबवावी. दांडा अडला तर त्याच्याशी मल्लयुद्ध करू नये. गाडी हातभर पुढे-मागे सरकवावी, दाते समोरासमोर आले की तो मुकाट्याने बसतो. जुन्या जीपमध्ये पुढच्या चाकांचा दांडा आधी टाकल्याशिवाय खालची पट्टी पडतच नाही. ही मुद्दाम केलेली योजना आहे, बिघाड नव्हे. आणि डांबरावर परत येताच दोन्ही दांडे पूर्ववत करावेत. वळणावर पुढची आणि मागची चाके सारखे अंतर कापीत नाहीत. मातीवर ती थोडी घसरून हा फरक भरून काढतात. कोरड्या डांबरावर घसरता येत नाही, मग सारा पीळ यंत्रात साठतो आणि दांडा निघता निघत नाही.

मग कोणत्या चढणीला कोणता गियर? याचे उत्तर बसल्या जागेवरून देता येत नाही, आणि चालकानेही ते बसल्या जागेवरून शोधू नये. खाली उतरावे आणि चढण पायी चढून यावी. कोठे मोठा दगड वर आला आहे, कोठे पाण्याने चर पाडला आहे, माथ्यावर वाट कोणीकडे वळते, हे पाहून घ्यावे. सामान्यतः मातीच्या, सलग चढणीला खालच्या पट्टीतला दुसरा गियर योग्य ठरतो. पहिल्यावर ओढ इतकी असते की ओल्या मातीत चाके जागच्या जागी फिरू लागतात. पायऱ्यांसारखे दगड असतील, चाक एकेका दगडावर अलगद ठेवीत जावयाचे असेल, तेथे मात्र पहिलाच. पायथ्याशी शंका आली तर खालचा गियर पत्करावा. गाडी संथ गेली तर बिघडत नाही. मध्येच अडली तर बिघडते.

आणि तरीही अडली तर? हा भाग चिरंजीवांनी दोनदा वाचावा. इंजिन चढणीवर बंद पडले की पहिली धाव क्लचकडे असते, ती आवरावी. गियरमध्ये असलेले बंद इंजिन गाडीला धरून ठेवते, क्लच दाबला की ती सुटते. म्हणून आधी पायाचा ब्रेक घट्ट, मग हाताचा ब्रेक. वरचा गियर टाकून पुन्हा चढण्याचा मोह टाळावा, आणि गाडी आडवी वळविण्याचा विचारही मनात आणू नये, कारण जीपा उलटतात त्या आडव्या झाल्यावर. ब्रेक तसाच दाबून, क्लच दाबून, मागे जाण्याचा गियर टाकावा आणि क्लच पूर्ण सोडावा. आता ब्रेक हळूहळू सैल करावेत. गाडी गियरच्या आधाराने उभी राहील. जुन्या जीपमध्ये क्लचला पाय न लावता स्टार्टर मारला की गाडी मागे सरकत सरकत चालू होते आणि इंजिनच तिला आवरून खाली आणते. अलीकडच्या पुष्कळ गाड्या क्लच दाबल्याशिवाय सुरू होत नाहीत. तेथे ब्रेक पुरता दाबून इंजिन सुरू करावे, मागचा गियर टाकून क्लच पूर्ण सोडावा आणि मगच ब्रेक सोडावा. सरळ रेषेत खाली यावे, आणि बरोबरच्या माणसांना आधीच उतरवून गाडीच्या बाजूस, मागे नव्हे, उभे करावे. हा सराव एखाद्या सुट्टीच्या दिवशी लहानशा, कोरड्या उतारावर पाच-सात वेळा केला म्हणजे प्रसंगी हातपाय आपोआप योग्य जागी जातात.

उतरताना नियम आणखी कडक आहे. घाटातील जुने चालक सांगत असत की ज्या गियरने चढाल त्याच गियरने उतरा. रानात त्याहून एक खालचा धरला तरी चालेल. उताराच्या तोंडाशी थांबून खालची पट्टी आणि पहिला गियर टाकावा, दोन्ही पाय क्लचपासून दूर ठेवावेत आणि गाडीला आपल्या चालीने उतरू द्यावे. येथे इंजिन हाच ब्रेक असतो, आणि तो चारही चाकांना सारखा लागतो. जुन्या जीपचे ड्रम-ब्रेक ओले झाले की जवळजवळ निकामी होतात. शिवाय ओल्या मातीत ब्रेक करकचून दाबले की चाके थांबतात पण गाडी थांबत नाही, ती घसरगुंडीवरच्या मुलासारखी खाली जाते. मागची बाजू सरकू लागली तर ब्रेक न दाबता ॲक्सिलरेटरला किंचित स्पर्श करावा. ही गोष्ट मनाला पटत नाही, पण चाके पुन्हा फिरू लागली की त्यांची पकड परत येते. उतारावर गियर काढून पेट्रोल वाचविणाऱ्यांविषयी काय लिहावे!

चिखल आणि रेती यांचे शास्त्र थोडे निराळे आहे. माळव्यातली काळी माती पावसात चाकाला अशी लपेटते की टायरची खाच दिसेनाशी होते. नदीकाठच्या रेतीत चाक स्वतःच आपली कबर खणते. दोन्हीकडे वेग पूर्ण गमावून चालत नाही. म्हणून खालच्या पट्टीतला दुसरा किंवा तिसरा गियर आधीच टाकून सारख्या चालीने पार व्हावे. मध्येच गियर बदलण्यासाठी क्लच दाबला की गाडी तेथेच बसते, आणि मग बैलजोडीची वाट पाहावी लागते.

राहिला ओढा. कुळे गावातून दूधसागर धबधब्याकडे पर्यटकांना नेणाऱ्या जीपा वाटेत ओढ्यांतून जातात. त्यांचे चालक काठावर गियर ठरवितात आणि पलीकडे पोहोचेपर्यंत दांड्याला हात लावीत नाहीत, हे तेथे गेलेल्या वाचकांनी पाहिले असेल. पाण्यात क्लच दाबला तर पट्ट्यांमध्ये पाणी शिरून त्या सरकू लागतात. ॲक्सिलरेटर सोडला तर धुराच्या नळीतून पाणी आत येऊ पाहते. खालच्या पट्टीतला पहिला किंवा दुसरा गियर, इंजिनाचा वेग एकसारखा, आणि पुढे छोटीशी लाट राहील एवढीच चाल. पाणी किती खोल आहे हे काठीने पाहिल्याशिवाय उतरू नये, आणि ते गढूळ असून ओढ असेल तर त्या दिवशी नारळ झाडावरच राहू द्यावेत. पलीकडे गेल्यावर शंभर पावले ब्रेकवर हलका पाय ठेवून गाडी चालवावी, म्हणजे ड्रम कोरडे होतात. खोल पाण्यातून गेल्यास दुसऱ्या दिवशी गियरबॉक्स व दोन्ही ॲक्सलमधील तेल मेकॅनिककडून तपासून घ्यावे. ते दुधाळ दिसले तर आत पाणी शिरले आहे असे समजावे आणि तेल बदलल्याखेरीज गाडी पुन्हा चढणीला घालू नये.