झाकली मूठ कोणाच्या कामाची?

'झाकली मूठ सव्वा लाखाची' ही म्हण संसारात कधीमधी उपयोगी पडत असेल. राष्ट्ररक्षणात ती घातक ठरते. तामिळनाडूतील कुडनकुलम अणुऊर्जा प्रकल्पाचे उदाहरण पुरेसे बोलके आहे.

ऑक्टोबर २०१९च्या अखेरीस 'डीट्रॅक' या मालवेअरचा एक नमुना अभ्यासकांच्या हाती लागला. त्यात या प्रकल्पाच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरे सरळसरळ लिहिलेली होती. २९ ऑक्टोबर रोजी प्रकल्पाचा खुलासा आला : नियंत्रण यंत्रणा बाहेरच्या जाळ्याशी जोडलेलीच नाही, सबब तिच्यावर सायबर हल्ला शक्यच नाही. दुसऱ्याच दिवशी न्यूक्लिअर पॉवर कॉर्पोरेशनने मालवेअर सापडल्याचे मान्य केले! 'सर्ट-इन'ने ही बाब ४ सप्टेंबरलाच कळविली होती, हेही त्याच निवेदनात होते. मग आदल्या दिवशीचा खुलासा कोणासाठी होता? हल्लेखोराला तर सारे ठाऊकच होते. अंधारात ठेवला गेला तो भारतीय नागरिक.

बाधित संगणक प्रशासकीय कामाचा होता, अणुभट्टीच्या नियंत्रणाशी त्याचा संबंध नव्हता, असे सांगण्यात आले. ते मान्य करू. पण डीट्रॅकचे काम मोडतोडीचे नाहीच. ते हेरगिरीचे आहे. कळफलकावर काय टंकले गेले, कोणती संकेतस्थळे पाहिली, कोणत्या फाइली कोठे आहेत, याची तो नोंद घेतो. दरोड्यापूर्वी वाड्याची टेहळणी करणारा भिकाऱ्याच्या वेषात येतो, तसलाच हा प्रकार. आणि 'आमचे जाळे वेगळे आहे' या कवचावर विसंबणाऱ्यांनी इराणमधील नतान्झ आठवावे. २०१०मध्ये उघडकीस आलेला 'स्टक्सनेट' पेन ड्राइव्हवरूनही पसरू शकत होता. त्याला इंटरनेटची गरजच नव्हती.

अधिक बोचणारी गोष्ट निराळीच. भारतीय एटीएममध्ये शिरलेल्या याच कुळातील मालवेअरचे विश्लेषण सप्टेंबर २०१९मध्ये प्रसिद्ध केले ते कॅस्परस्की या रशियन कंपनीने. त्याचे धागेदोरे उत्तर कोरियाशी जोडल्या जाणाऱ्या 'लाझारस' टोळीपर्यंत नेले तेही तिनेच. रोग आमच्या घरात, निदान मॉस्कोत! जगभरच्या कंपन्यांना संगणकतज्ज्ञ पुरविणाऱ्या देशाला हे शोभते काय?

हिरकणीची आख्यायिका आपण मुलांना आईच्या मायेची कथा म्हणून सांगतो. तिचा उत्तरार्ध मात्र विसरतो. रायगडाचे दरवाजे बंद असताना एक गवळण कडा उतरून गेली, हे कळल्यावर शिवछत्रपतींनी 'हे शक्यच नाही' असा खुलासा काढला नाही. तिचा सन्मान केला आणि त्या जागी बुरूज बांधला.

आज चाल नेमकी उलटी आहे. एप्रिल २०२२च्या आदेशानुसार सायबर घटना सहा तासांत 'सर्ट-इन'ला कळविणे बंधनकारक झाले, हे योग्यच झाले. परंतु नोव्हेंबर २०२३मध्ये त्याच 'सर्ट-इन'ला माहिती अधिकाराच्या कक्षेतून वगळण्यात आले. चालू तपासाची गुप्तता आम्हालाही समजते. वर्षानुवर्षे लोटलेल्या प्रकरणांची कसली गुप्तता? विद्यापीठांतील तरुणांना अभ्यासायला स्वदेशातील हल्ल्यांचे नमुने आणि चौकशीचे निष्कर्ष मिळाले पाहिजेत. संवेदनशील तपशील वगळून कुडनकुलमपासूनच सुरुवात करावी.